एकाच पत्त्यावर तीन धंदे, आणि मॅपवरनं सारखं गायब होणारं एक दुकान: आमचं कशानं थांबलं ते सांगतो

सांगलीत गणपती पेठेत आमची जुनी इमारत आहे, खाली दोन गाळे आणि वर एक खोली. एका गाळ्यात दादाचं मोटार-पंप आणि पाइप-फिटिंगचं दुकान, शेजारच्या गाळ्यात वहिनीचं हळद-चटणी-मसाल्याचं, आणि वरच्या खोलीत मी जीएसटी रिटर्न आणि हिशेबाची कामं करतो. तिन्ही धंदे खरे, तिन्हींची गिऱ्हाइकं वेगळी, पण पत्ता एकच. आणि त्या एका पत्त्यापायी वहिनीचं दुकान गूगल मॅपवरनं तीनदा गेलं, त्यातलं एकदा तर ऐन एप्रिलात, म्हणजे चटणीच्या सीझनला. ज्यांच्या घरात हा धंदा आहे त्यांना कळेल मार्च ते मे ह्या तीन महिन्यांत वर्षाचं किती निघतं ते. पुण्या-मुंबईची माणसं सुट्टीला आली की फोनवर बघून दुकान शोधत येतात, आणि ती शोधत होती तेव्हा तिथं दादाचं पंपाचं दुकान दिसत होतं.

आता बरेच दिवस झाले, तिन्ही नीट चालू आहेत. पेठेतले, मार्केट यार्डातले बरेच जण हेच विचारत येतात म्हणून एकदा सगळं लिहून ठेवतो.

आधी एक गैरसमज काढतो. एका पत्त्यावर एकच बिझनेस प्रोफाइल, म्हणजे गूगलवर दिसणारं दुकानाचं पान, चालतं असं लोक ठामपणे सांगतात, ते खरं नाही. एका इमारतीत, अगदी एका मजल्यावरसुद्धा, कितीही धंद्यांची वेगवेगळी प्रोफाइल चालतात, अट एवढीच की ते खरोखर वेगवेगळे धंदे पाहिजेत. वेगळं नाव, वेगळा फोन, नावाची कायमची पाटी, आणि दिलेल्या वेळेत गिऱ्हाइकाला भेटणारं माणूस. चालत नाही ते उलटं, म्हणजे एकाच धंद्याची त्याच जागेवर दोन-तीन प्रोफाइल करणं. आमची चूक अशी की आमचे धंदे तीन होते पण बाहेरनं बघणाऱ्याला ते एकाच धंद्याची तीन नावं वाटावीत असं सगळं आम्हीच करून ठेवलं होतं.

आता "गायब झालं" म्हणून लोक येतात तेव्हा मी पहिल्यांदा विचारतो, गायब म्हणजे काय? कारण ह्या एका शब्दात निदान चार वेगळे रोग आहेत आणि प्रत्येकाचं औषध वेगळं. फोनवर ब्राउजरची इनकॉग्निटो खिडकी उघडायची, म्हणजे तुमचं खातं मधे येत नाही, आणि आधी दुकानाचं पूर्ण नाव आणि गावाचं नाव टाकून बघायचं. मग नुसता धंदा आणि गाव, म्हणजे "मसाले सांगली" असं. नावानं दिसतंय पण धंद्यानं दिसत नाही, तर प्रोफाइल जिवंत आहे, रँकिंगचा किंवा फिल्टरचा मामला आहे, त्याचं पुढं सांगतो. नावानं टाकल्यावर भलत्याच दुकानाचं पान उघडतंय तर बहुतेक मर्ज झालंय, म्हणजे दोन प्रोफाइल एकात मिसळलीत. नावानंही काहीच येत नाही, तर मालकाच्या खात्यातनं प्रोफाइल उघडून बघा, सस्पेंड किंवा डुप्लिकेट किंवा व्हेरिफिकेशन (धंदा खरा आहे का ह्याची गूगलची तपासणी) बाकी ह्यातलं काहीतरी लिहिलेलं सापडतं. हे बघितल्याशिवाय कशालाही हात लावायचा नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, गेलं म्हणून लगेच नवीन प्रोफाइल बनवायचं नाही. नाहीच बनवायचं. जुनं अजून आत कुठंतरी असतं, नवीन केलं की आता खरोखरच एका धंद्याची दोन होतात, आणि मग सिस्टीम जे म्हणत होती तेच तुम्ही स्वतः सिद्ध करून देता. आम्ही दुसऱ्यांदा हेच केलं होतं.

आमचं तीनदा काय झालं ते सांगतो म्हणजे कारणं लक्षात येतील. पहिल्यांदा: दादाचं प्रोफाइल आधीपासनं होतं, त्याच्या मोबाइल नंबरवर. वहिनीचं काढताना पुतण्यानं तोच नंबर टाकला, कारण दुकानावर फोन दादाच उचलायचा. दोन्ही नावांच्या सुरुवातीला आजोबांचं नाव, पत्त्याची ओळ अक्षर न् अक्षर तीच, आणि नकाशावरची खूण, म्हणजे पिनही, एकावर एक. फोन एक, पत्ता एक, निम्मं नाव एक, म्हणजे बघणाऱ्याला एका जागेच्या दोन नोंदीच वाटणार. दोन्ही मर्ज झाली आणि वहिनीचे चाळीसभर रिव्ह्यू पंपाच्या दुकानाखाली जाऊन बसले. "हळदीचा रंग आणि वास एक नंबर" असं तीन इंची पाइपच्या फोटोखाली. ते रिव्ह्यू तिनं एकेका गिऱ्हाइकाला विनंती करून मिळवले होते, त्यामुळं तिला किती लागलं ते मी बघितलंय. दुसऱ्यांदा: आम्ही घाईनं नवीन केलं, ते डुप्लिकेट म्हणून अडकलं. तिसऱ्यांदा: एका एजन्सीवाल्याला काम दिलं, त्यानं नावाच्या जागी दुकानाच्या नावापुढं हळद, होलसेल, बेस्ट, सांगली असं सगळं कोंबलं, पंधरा दिवस वर दिसलं आणि मग सस्पेंड.

तीन वेळची तीन कारणं वेगळी दिसतात पण मूळ एकच आहे. मॅपवर वेगळं दिसायचं तर आधी जमिनीवर वेगळं दिसलं पाहिजे, आणि आम्ही जमिनीवर काहीच वेगळं केलं नव्हतं, नुसतं फोनमधे करत होतो. म्हणून चौथ्या वेळेला फोन बाजूला ठेवला आणि महिनाभर इमारतीतच काम केलं.

पहिलं काम फोन नंबर. तीन धंद्यांना तीन नंबर, आणि ज्याचा त्यानं उचलायचा. लँडलाइन असली तरी चालते, पण एकच नंबर दोन प्रोफाइलवर नको, दुसरा नंबर म्हणूनसुद्धा नको. तसा नियम म्हणून एका नंबरला थेट बंदी नाही, पण नंबर त्या धंद्याशी थेट जोडलेला असावा असं गूगल सांगतं, आणि एकाच पत्त्यावर एकच नंबर म्हणजे मर्जला निमंत्रणच. वहिनीनं नवीन सिम घेतलं, व्हॉट्सॲप बिझनेसही त्याच्यावरच सुरू केलं.

दुसरं पाटी. आमच्या इमारतीवर आजोबांच्या काळापासनं एकच लांब पत्र्याचा बोर्ड होता, त्यावर दादाच्या दुकानाचं नाव, आणि वहिनीच्या गाळ्यावर नुसता फ्लेक्स. फ्लेक्सचा भरवसा नाही, वाऱ्यानं फाटतो, पावसात उतरवतात, आणि नियमात कायमची पाटी म्हटलंय. आता प्रत्येक गाळ्यावर वेगळा बोर्ड आहे आणि जिन्याच्या तोंडाशी माझ्या ऑफिसची छोटी पाटी, मजल्याच्या उल्लेखासकट. इथं आपल्याकडची एक खास अडचण येते. २०२२ च्या दुरुस्तीनंतर महाराष्ट्रात सगळ्या दुकानांना मराठी देवनागरीत पाटी सक्तीची आहे, आणि प्रोफाइलवर मात्र लोक इंग्रजीत नाव टाकतात, तेही कुणी भाषांतर करून. म्हणजे पाटीवर "मसाले" आणि प्रोफाइलवर "स्पायसेस". माणसाला ते एकच वाटतं, पण व्हेरिफिकेशनचा व्हिडिओ (त्याचं पुढं सांगतो) तपासणाऱ्याला पाटी आणि प्रोफाइल जुळवायचं असतं, त्यानं कशावरनं ओळखायचं? आम्ही पाटीवर मोठ्या अक्षरात मराठी नाव आणि त्याच्याखाली बारीक इंग्रजी अक्षरात तेच नाव, भाषांतर न करता जसंच्या तसं, असं करून घेतलं. प्रोफाइलवरही तेच.

तिसरं पत्ता. "पत्ता एकच" असं आपण म्हणतो पण तो एक नसतोच. गाळा नंबर असतो, मजला असतो, घरपट्टीच्या पावतीवर नोंद असते. आमच्या तिन्ही प्रोफाइलवर आधी नुसतं इमारतीचं नाव, गणपती पेठ, सांगली ४१६४१६ एवढंच होतं. आता पत्त्याच्या पहिल्या ओळीत इमारत आणि रस्ता, दुसऱ्या ओळीत गाळा क्रमांक १, गाळा क्रमांक २, पहिला मजला असं. पण हे आपल्या मनानं टाकायचं नाही, जे कागदावर आहे तेच टाकायचं. कागदावर गाळा नंबर नसेल तर आधी कागद दुरुस्त करा.

ह्या कागदांवर जरा थांबतो, कारण बहुतेकांचं इथंच अडतं आणि हे माझ्या रोजच्या कामातलं आहे. पेठेतल्या निम्म्या दुकानांचं लाइट बिल आजोबांच्या नावावर असतं, आजोबा जाऊन वीस वर्षं झालेली असतात, आणि तीन गाळ्यांना मिळून एकच मीटर असतं. असं बिल गूगलला पुरावा म्हणून दिलं तर त्यातनं धंद्याचं नाव सिद्धच होत नाही, उलट तिन्ही धंद्यांनी तेच बिल जोडलं की घोळ वाढतो. पुरावा असा पाहिजे की त्यावर धंद्याचं नाव आणि गाळ्यासकट पत्ता दोन्ही एकत्र आहे. शॉप ॲक्टचा कागद, म्हणजे आपण ज्याला गुमास्ता म्हणतो तो, सगळ्यात सोपा. छोट्या दुकानांना लायसन नसतं, ऑनलाइन सूचना दिल्याची पावती असते, तीही चालते, आमची चालली. जीएसटी असेल तर त्याचं सर्टिफिकेट, त्यात व्यवसायाच्या मुख्य जागेचा पत्ता असतो, तिथं गाळा नंबर नसेल तर दुरुस्तीचा अर्ज टाकून घालून घ्या. उद्यम, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, आहे. वहिनीसारखा खाण्याचा धंदा असेल तर एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, चौदा आकडी नंबरवाला कागद. ह्या सगळ्यांवर नाव आणि पत्ता सारखाच पाहिजे, एकावर "ट्रेडर्स" आणि दुसऱ्यावर "ट्रेडिंग कंपनी" असं नको. मीटरचं म्हणाल तर आम्ही वहिनीच्या गाळ्याला वेगळं कनेक्शन घेतलं, ते व्हायचंच होतं, पण तुम्हाला नुसत्या मॅपसाठी तो खर्च करायची गरज नाही.

हे सगळं झाल्यावर मग फोन हातात घेतला.

नावात नुसतं नाव. पाटीवर जे आहे ते, पुढं ना गाव ना माल ना फोन नंबर ना "सर्वोत्तम". हे कुणाला पटत नाही, कारण शेजारच्यानं नावात दहा शब्द घातलेत आणि तो वर दिसतोय. दिसतोय तोवर दिसतोय. एका पत्त्यावर तीन प्रोफाइल असणाऱ्यानं हा जुगार अजिबात खेळू नये, कारण एकाकडं लक्ष गेलं की शेजारची दोन्हीही तपासात येऊ शकतात. माल सांगायला कॅटेगरी आहे, प्रॉडक्ट आहेत, वर्णन आहे, तिथं सांगा. मुख्य कॅटेगरी एक आणि जादा नऊपर्यंत टाकता येतात, पण तिन्ही धंद्यांची मुख्य कॅटेगरी वेगळीच पाहिजे. दादाच्या प्रोफाइलवर कुणीतरी "मसाल्याचे दुकान" ही जादा कॅटेगरी घालून ठेवली होती, आम्ही कुणी घातल्याचं आठवत नाही, ती काढली.

पिन. तिन्ही पिन इमारतीच्या मधोमध एकावर एक होत्या. सॅटेलाइट नकाशा मोठा करून प्रत्येकाची पिन आपापल्या दारावर सरकवली. दहा अक्षरी प्लस कोड, म्हणजे जागा सांगणारा गूगलचा छोटा कोड, साधारण १४ मीटर बाय १४ मीटरचा चौकोन दाखवतो, त्यामुळं शेजारशेजारच्या गाळ्यांचा प्लस कोड एकच आला तर घाबरू नका, पिन खरी जागेवर असली म्हणजे झालं. पण वेगळा दिसावा म्हणून पिन रस्त्यापलीकडं नेऊन ठेवायची नाही, मी असं केलेली माणसं बघितलीत, गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जाऊन विचारतं.

मग डुप्लिकेट साफ करणं, आणि इथं क्रम महत्त्वाचा. आमच्याकडं वहिनीच्या तीन जुन्या नोंदी निघाल्या, एक मर्ज झालेली, एक अडकलेली आणि एक एजन्सीवाल्याच्या खात्यातली सस्पेंड झालेली. ठेवायची कुठली ते आधी ठरवा, सहसा जिच्यावर रिव्ह्यू आणि फोटो जास्त आहेत आणि जी आपल्या खात्यात आहे ती. बाकीची जी आपल्या खात्यात आहेत ती तिथनंच काढून टाका. जे आपल्या ताब्यात नाही आणि मॅपवर दिसतंय, त्याला मॅपमधनं दुरुस्ती सुचवताना बंद करा किंवा काढा ह्याच्यात जाऊन दुसऱ्या जागेचं डुप्लिकेट असं कळवायचं. डुप्लिकेट आहे तर डुप्लिकेटच म्हणा, "कायमचं बंद" म्हणू नका, नाहीतर गिऱ्हाइकाला लाल अक्षरात दुकान बंद झाल्याचं दिसतं आणि चालू दुकानाबद्दल गावात बोभाटा होतो. एजन्सीवाल्याकडं जे होतं त्यासाठी ताबा मागायची विनंती पाठवली, समोरच्याला उत्तर द्यायला तीन दिवस असतात, त्यानं दिला ताबा, वाद झाला नाही.

मर्ज होऊन गेलेले रिव्ह्यू आमचे परत आले नाहीत, हे स्पष्ट सांगतो. दादाच्या पानावर हळदीचे रिव्ह्यू अजूनही आहेत. आम्ही ते काढायला लावले नाहीत, खऱ्या माणसांनी मनापासनं लिहिलेले आहेत. दादानं प्रत्येकाखाली उत्तर लिहिलं की हे शेजारच्या गाळा क्रमांक २ मधल्या मसाल्याच्या दुकानाबद्दल आहे, त्याचं वेगळं पान आहे. वहिनीनं जुन्या गिऱ्हाइकांना परत सांगितलं, आणि बरेच जणांनी परत लिहिलं. सूट देऊन किंवा अर्धा किलो चटणी जादा देऊन रिव्ह्यू घ्यायचे नाहीत, ते नियमात बसत नाही, आणि घरच्यांनी एकमेकांच्या दुकानाला लिहायचे नाहीत.

व्हेरिफिकेशन आता बहुतेकांना व्हिडिओनंच येतं. गूगल कुठला पर्याय देईल ते आपल्या हातात नसतं. एकाच पत्त्याच्या धंद्यात हा व्हिडिओच खरा निकाल लावतो, म्हणून आम्ही कसा केला ते सांगतो. दुकान उघडायच्या वेळेला रस्त्यावरनं सुरुवात केली, पेठेतला रस्ता, शेजारचं ओळखू येणारं दुकान, मग आमची पूर्ण इमारत, दोन्ही बोर्ड एका चौकटीत दिसतील असं, म्हणजे दोन वेगळे धंदे आहेत हे एका नजरेत कळलं. मग वहिनीच्या बोर्डावर थांबलो, गाळा नंबर दाखवला, वहिनीनं किल्लीनं शटरचं कुलूप उघडलं, आत गेलो, चटणीचं यंत्र, पोती, वजनकाटा, पाकिटावरचं दुकानाचं नाव, गल्ला, भिंतीवर फ्रेम केलेला एफएसएसएआयचा कागद. सलग, मधे न थांबवता, दीड-दोन मिनिटं. चेहरे आणि बँकेचे वगैरे कागद दाखवायचे नाहीत. पुतण्यानं आधी एक व्हिडिओ काढून त्याला गाणं लावून जोडकाम करून ठेवला होता, तसला चालत नाही, ॲपमधनं तिथल्या तिथंच सलग काढायचा. निकालाला पाच कामाचे दिवस लागू शकतात, तेवढ्यात नावात, पत्त्यात काही बदलायचं नाही, हात बांधून बसायचं.

सस्पेंड असेल तर अपील. अपील टाकायच्या आधी सगळं दुरुस्त झालेलं पाहिजे, नाव, पाटी, कागद, सगळं, कारण चुकीच्या नावानं अपील टाकलं तर नाकारणारच. आणि ही एक गोष्ट पाठ करून ठेवा, अपील सुरू करून पुराव्याचा फॉर्म उघडला की तो द्यायला ६० मिनिटं मिळतात. लोक अपील टाकतात आणि मग कागद शोधायला कपाट उघडतात. माझ्याकडं अशी दोन माणसं आली ज्यांची वेळ निघून गेली होती. कागद आधी स्कॅन करून, फाइलला नाव देऊन, एका फोल्डरमधे तयार ठेवा, मगच बटण दाबा.

आता फिल्टरचं. साताऱ्याला पोवई नाक्याजवळ माझा एक मित्र आहे, माझंच काम करतो, आणि त्याच इमारतीत त्याच मजल्यावर आणखी एकजण तेच काम करतो. दोघांची प्रोफाइल स्वच्छ, व्हेरिफाइड, कुठं काही चूक नाही, तरी "टॅक्स सल्लागार सातारा" टाकलं की दोघांतला एकच दिसतो, मॅप मोठा केला की दुसरा उगवतो. ह्याला प्रोफाइल जाणं म्हणत नाहीत. एकाच जागेवरची एकाच कॅटेगरीची दोन नावं आली की शोधाच्या निकालात एकाला मागं ठेवलं जातं, २०१६ च्या सप्टेंबरपासनं हे प्रकर्षानं दिसायला लागलं आणि ह्या क्षेत्रातली माणसं त्या बदलाला "पॉसम" म्हणतात. इथं सपोर्टला लिहून उपयोग नाही, काही बिघडलेलंच नाही. गूगल सांगतं की क्रम ठरतो तो शोधाशी मेळ, अंतर आणि नावलौकिक ह्यांवर, आणि इमारत एकच म्हणजे अंतर दोघांचं सारखंच. मित्रानं मुख्य कॅटेगरी तो खरंच जास्त काय करतो त्याप्रमाणं बदलली, म्हणजे अकाउंटिंगकडं नेली, रिव्ह्यूंना उत्तरं द्यायला लागला, वेळा नीट भरल्या. आता वेगवेगळ्या शोधाला दोघंही दिसतात. शेजाऱ्याशी भांडण न करता झालं हे मला फार बरं वाटलं.

मिरजेत डॉक्टरांचं वेगळंच. तिथं एकेका हॉस्पिटलात पाच-पाच डॉक्टर, नवरा-बायको दोघं डॉक्टर, आणि दर बुधवारी येणारे व्हिजिटिंग. हॉस्पिटलचं एक प्रोफाइल, आणि जे डॉक्टर तिथं दिलेल्या वेळेत पेशंटला थेट भेटतात त्यांचं आपापलं वेगळं, हे नियमात बसतं. पण एका डॉक्टरची दोन खास विद्या म्हणून दोन प्रोफाइल करायची नाहीत. डॉक्टरच्या प्रोफाइलवर हॉस्पिटलच्या रिसेप्शनचा नंबर आणि हॉस्पिटलचंच नाव घातलं की आमच्यासारखंच मर्ज होतं, म्हणून डॉक्टरचं नाव डॉक्टरचंच ठेवा. आणि डॉक्टर हॉस्पिटल सोडून गेले तर ते प्रोफाइल नवीन जागेवर हलवायचं, जुन्या जागेवर तसंच ठेवलं की पेशंट चुकीच्या दारात येतात, आणि पेशंटचं चुकणं हे चटणीच्या गिऱ्हाइकाच्या चुकण्यासारखं नसतं.

सांगलीतच विश्रामबागला क्लासवाल्यांचा प्रश्न असतो, एकच हॉल, सकाळी गणिताचे सर, संध्याकाळी स्पोकन इंग्लिशच्या मॅडम, हॉल तिसऱ्याचाच. जी जागा आपली नाही किंवा जिच्या वतीनं बोलायचा आपल्याला अधिकार नाही तिथं नुसता वर्ग भरतो म्हणून प्रोफाइल काढता येत नाही. भाडेकरार आपल्या क्लासच्या नावानं करा, कायमची पाटी लावा, मग जमतं. आणि झेरॉक्स, मोबाइल रिचार्ज, ऑनलाइन फॉर्म हे सगळं एकाच काउंटरवर एकाच मालकाचं असेल तर ते तीन धंदे नाहीत, एक दुकान आणि तीन सेवा आहेत, एकच प्रोफाइल करा. घरातनं डबे देणाऱ्या किंवा एसी दुरुस्तीला जाणाऱ्या माणसानं पत्ता लपवून सर्व्हिस एरियावालं, म्हणजे कुठल्या भागात सेवा देतो ते सांगणारं, प्रोफाइल करावं, २० भाग टाकता येतात, सांगली-मिरज-कुपवाड-माधवनगर असे.

नदीकाठची माणसं म्हणून एक गोष्ट. २०१९ च्या आणि २०२१ च्या पुरात पेठेत पाणी आलं तेव्हा दुकानं बंद होती, आणि कुणी चांगल्या मनानं, लोकांची फेरी वाचावी म्हणून, मॅपवर "कायमचं बंद" कळवलं. पुराच्या दिवसांत मालकानं स्वतःच "तात्पुरतं बंद" लावावं आणि पाणी ओसरून साफसफाई झाल्यावर आठवणीनं काढावं. शेजारच्या दुकानासाठी दुरुस्ती सुचवताना आपण कुठल्या पिनवर बोट ठेवलंय ते दोनदा बघा, एका पत्त्यावर तीन पिन असल्या की चुकीच्या दुकानाला कुलूप लागतं.

बाकीच्या ठिकाणी, जस्टडायल, फेसबुक पेज, बिंग, ॲपल मॅप, तिथंही तेच नाव, तोच गाळा नंबर, तोच फोन टाका. तिथं जुना दादाचा नंबर राहिला तर तिथली माहिती परत घोळ करू शकते. आम्हाला एक जुनी नोंद तशी सापडली, ती बदलली.

आणि मालकी. तिन्ही प्रोफाइल तीन वेगळ्या जीमेलवर ज्याच्या त्याच्या मालकीची आहेत, मी तिन्हींवर नुसता मॅनेजर आहे. एजन्सीला काम द्या, पण मॅनेजर म्हणून द्या, मालक म्हणून कधीही नको. पासवर्ड कुणाला देऊ नका, मॅनेजर करायला ईमेल पुरतो.

आता दर महिन्याच्या एक तारखेला मी इनकॉग्निटोमधे तिन्ही नावं टाकून बघतो, नाव, नंबर, कॅटेगरी, पिन, कुणी सुचवलेला बदल आपोआप लागलाय का ते. दहा मिनिटांचं काम आहे. मागच्याच महिन्यात वहिनीच्या पानावर कुणीतरी पंपाचे दोन फोटो टाकले होते, गिऱ्हाईक दादाचं असणार, चुकून टाकले असतील. ते दोन्ही फोटो रिपोर्ट केले, आणि दादाच्या काउंटरवर त्याच्या स्वतःच्या पानाचा क्यूआर कोड चिकटवला, म्हणजे मोटार घेणारा माणूस स्कॅन करून थेट त्याच्याच पानावर जाईल.